पंखाचं नाक आणि माझी नथ

नवसाचं एक बरं असतं. फेडला की नवस देवाकडे जातो आणि त्याचा किस्सा आपल्याकडे राहतो. माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत, की हळदीकुंकवाला गेले तर बायका अत्तर लावायच्या आधीच म्हणतात, "वैनी, त्ये इमानाचं सांगा की!"

तर सांगते. मी नवस पुष्कळ केले. सोळा सोमवार झाले, संकष्ट्या झाल्या, अनवाणी फिरायचे पण झाले. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी एक नवस बोलले, तो नाकासाठी. माणसाच्या नाही, विमानाच्या!

वाडीला, म्हणजे आमच्या नृसिंहवाडीला, घाटाच्या पायरीवर उभी होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात बासुंदीचा डबा. म्हटलं, "दत्ता महाराज, ह्यांच्याच हातानं त्या पंखाला नाक बसू दे. बसेपर्यंत मी माझ्या नाकात नथ घालणार नाही." सणाची नथ तर नाहीच, पण रोजची चमकीसुद्धा तिथंच काढली आणि पदराला गाठ मारली. आता संन्यासी देवाला नथीचं काय कौतुक? पण तोंडातून निघून गेलं. आणि बोललेला नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून ह्यांनाही सांगितला नाही.

पण हे कसलं नाक आणि कुणाचा पंख, ते आधी सांगायला हवं.

*

आमचे हे बसच्या बॉडीचे मिस्त्री. नुसती चाकं आणि सांगाडा यायचा, हे त्याच्यावर पत्र्याचं अंग चढवायचे. त्यांच्या ओळखीचे एक मास्तर होते, पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायचे. मास्तरांना वेड होतं, दोन माणसांचं छोटं विमान स्वतः बांधायचं. नकाशे परदेशातून मागवलेले, परवानगीचे कागद फाइलभर. त्यांनी जोडीला घेतलं अण्णांना. अण्णा हवाई दलातून रिटायर झालेले, मंगळवार पेठेत राहायचे. आयुष्यभर विमानांचे पत्रेच दुरुस्त केलेले. आजोळ सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळे मला "अक्का" म्हणायचे. आणि पत्र्याला हात लावायला म्हणून हे. असे तिघे दर रविवारी उचगावला जमायचे.

जागा कुठली? तर बंद पडलेली पोल्ट्रीची शेड! लांबलचक होती, पंख आडवा मावायचा.

शेडचा मालक पहिल्या दिवशी कुलूप काढून दारात उभा राहिला. म्हणाला, "बघा पावणं, आधीच सांगतो. ह्या शेडमधनं आजपातूर काय उडाल्यालं न्हाय!"

अण्णा म्हणाले, "कोंबड्यास्नी मिस्त्री भेटला नव्हता!"

*

पंखाची पुढची कड, जी वाऱ्याला आधी भिडते, तिला लीडिंग एज म्हणतात. ह्यांच्या जिभेला तो शब्द काही वळला नाही. हे म्हणाले, "सरळ नाक म्हणा की. सगळ्यात पुढं तेच असतंय." तेव्हापासून शेडमध्ये नाकच.

आत माशाच्या काट्यासारख्या फासळ्या ओळीनं उभ्या असतात. त्यांच्यावर अल्युमिनियमचा एक पातळ पत्रा वरून येतो, नाकावरून वळतो आणि खाली जातो. तो फासळ्यांना कातडीसारखा चिकटून बसायला पाहिजे. कुठं फुगा नको, कुठं पोचा नको. बसचा पत्रा दणकट, पोचा आला तर ठोकून काढता येतो. हा तर पापडासारखा. पोचा पडला की पडलाच.

म्हणून आधी पुठ्ठ्यावर तालीम करायचं ठरलं. ह्यांनी एका पंखाच्या नाकाचा पुठ्ठा कापायचा, अण्णांनी दुसऱ्याच्या. मास्तरांनी विचारलं, "कोण कुठला घेणार?"

हे म्हणाले, "मी ड्रायव्हर साइडचा घेतो, अण्णा क्लीनर साइडचा."

बसच्या धंद्यात डावं-उजवं कुणी म्हणतच नाही. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड! दोन रविवार खपून दोघांनी पुठ्ठे कापले. लावून बघतात तर दोन्ही उजव्या पंखाचे! झालं असं, की बसचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि विमानाचा डावीकडे. ह्यांनी बसच्या हिशेबानं ड्रायव्हर साइड कापली आणि अण्णांनी विमानाच्या हिशेबानं क्लीनर साइड.

मास्तर कपाळाला हात लावून बसले. अण्णा शांतपणे म्हणाले, "मास्तर, आमची कापणी बरोबर हाय. इमानात क्लीनर नसतोय, ही चूक नकाशावाल्याची."

*

पुठ्ठे फासळ्यांवर धरून ठेवायला चिमटे हवे होते. खरे चिमटे स्प्रिंगचे असतात, भोकात घालून तात्पुरते अडकवायचे. ते मोजकेच मिळालेले आणि मास्तर त्यांना डबीत ठेवायचे, केशरासारखे. मग ह्यांनी काय करावं? आमच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे पिशवीत भरले आणि नेले. आमचे पुरले नाहीत म्हणून शेजारच्या शांताकाकूंचे पण!

दुपारी वारं सुटलं. शांताकाकू जिन्यातून ओरडत आल्या, "वैनी, तुझ्या नवऱ्याला सांग! त्याचं इमान उडायच्या आधी माझा परकर उडाला!"

*

मग पत्रे आले. तीन. दोन पंखांचे दोन आणि एक जादा.

हे म्हणाले, "जादा कशाला मागवला?"

अण्णा म्हणाले, "हवाई दलात आमी चूक आधीच मागवून ठेवत होतो."

पहिला पत्रा ह्यांनी पाण्याच्या पाइपावर धरून सावकाश वाकवला. वळण सुरेख आलं. फासळ्यांवर ठेवला, तर नाकाशी बोटभर फट. आणि सवयीनं ह्यांचा हात लाकडी मोगरीकडे गेला. बसवर अशी फट एका ठोक्यात बसते. ठोका दिला, नाक बसलं आणि खालची कड चार बोटं उघडली. ती दाबली तर वरून पोट आलं. पोट दाबलं तर परत नाक वर. तासाभरात त्या पत्र्याची अशी दशा झाली, की इथं बोट लावलं तर 'टक' आणि तिथं लावलं तर 'टुक'.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, नाक दाबलं की तोंड उघडतंय! आपल्यात म्हणच हाय न्हवं? पत्र्यालाबी ठावं हाय ती!"

सगळे हसले. हे पण हसले. पण निघताना मोगरी तिथंच कोपऱ्यात टाकून आले.

दुसऱ्या रविवारी गेले, तर शेड झाडली, चहा केला, लागेल ते हातात आणून दिलं. पत्र्याला शिवले नाहीत. अण्णांनी दुसरा पत्रा उलगडला आणि म्हणाले, "या की!" तर म्हणाले, "माझा हात जड हाय, अण्णा. तुमीच बसवा."

अण्णांनी पत्रा परत गुंडाळून ठेवला.

महिना झाला, दोन झाले. बसच्या कामावरही ह्यांनी हातोडी दुसऱ्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. स्वतः नुसते उभे राहून सांगायचे. रात्री जेवताना उजवा हात ताटावर धरून बघत बसायचे, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. वीस वर्षांचा हात! आणि एका मोगरीच्या ठोक्यानं तो जड झाला. पत्रे आता दोनच उरले होते, जादा काही नव्हतं. अण्णांनी ते बसवले असते तर विमान झालं असतं. पण माझं विमानाशी काय नातं? माझं नातं त्या हाताशी.

म्हणून वाडीला मी "ह्यांच्याच हातानं" म्हटलं. देवाशी बोलताना शब्द नीट घालावे लागतात!

*

नाक रिकामं दिसलं की बायकांच्या तोंडाला काम मिळतं. चैत्रात एका हळदीकुंकवाला गेले, तर ओळीनं सगळ्यांचे डोळे माझ्या नाकावर.

"नथ कुठाय गं?"

"घालीन वेळ आली की," मी म्हटलं.

एवढंच बोलले. पण संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पसरली, की मिस्त्रीनं बायकोची नथ मोडून विमानाचं नाक केलं! एका बाईनं तर मला बाजारात थांबवून हळूच विचारलं, "व्हय वो, मग सोन्याचं नाक उन्हात चमकत आसंल की!"

शांताकाकू तेवढ्या काळजीच्या. त्यांनी काही विचारलं नाही. कडुनिंबाची एक बारीक काडी आणून दिली आणि म्हणाल्या, "काय नवस-बिवस आसंल तर आसू दे. पर ही काडी घालून ठेव. न्हायतर भोक बुजंल, मग बसशील रडत."

मी काडी देवघरात ठेवली. घातली नाही. नाकात काही घालणार नाही म्हटलं म्हणजे काही नाही! देवाला पळवाट दाखवायची नसते.

आणि हे? ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

*

माझ्या आईची दोन सुती लुगडी माझ्याकडे आहेत, नऊवारी. दसऱ्याआधी वर्षातून एकदा ती धुते. त्या वर्षी धुऊन वाळवली आणि गच्चीवर शांताकाकू आणि मी घडी घालत होतो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. हे जिन्यात चहा घेऊन बसलेले.

मी जरा जोरात ओढलं, तशा शांताकाकू खेकसल्या, "अगं, किती ओढतीस? मी पुढं यालोय की! दोघींनी सारखं ओढायचं आसतंय. सारखं ओढलं की मधल्या सुरकुत्या आपसूक जात्यात, हात लावाय लागत न्हाय."

ह्यांनी कप खाली ठेवला. उठून आले आणि ताणलेल्या लुगड्याच्या मधोमध, खालून, तळहात टेकवला.

"सोडा. परत ओढा."

आम्ही ओढलं.

"परत."

शांताकाकू माझ्याकडे बघायला लागल्या. तीनदा झालं, चारदा झालं. मग ह्यांनी आमच्या हातातून लुगडं घेतलं, दुसरं पण घेतलं आणि निघाले.

मी म्हटलं, "अहो, आईची आहेत ती! फाटतील!"

"फाडत न्हाय. नेसवणार हाय."

"कुणाला?"

"इमानाला!"

*

पहिल्या रविवारी लुगड्याची टोकं ओढायला उभे राहिले अण्णा आणि मास्तर. पंख नाक वर करून उभा केलेला, नाकावर पत्रा, पत्र्यावर लुगडं. एका बाजूला अण्णा, तरुणपणी तालमीत घुमलेले. दुसऱ्या बाजूला मास्तर, खडूशिवाय काही न उचललेले. अण्णांनी "हूं" म्हणून ओढलं आणि पत्र्यासकट मास्तर पंखाला येऊन चिकटले!

हे म्हणाले, "हे बाप्यांचं काम न्हाय."

म्हणून पुढच्या रविवारी शेडमध्ये आम्ही दोघी. शांताकाकूंनी पदर खोचला, अगरबत्ती लावली, पंखाला हळद-कुंकू वाहिलं. म्हणाल्या, "काय का आसंना, आईचं लुगडं नेसालंय."

आम्ही ओढलं. हे मध्ये उभे. हातात मोगरी नाही, काही नाही. लुगड्यावरून नुसता तळहात फिरवत होते, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. "काकू, एक बोट सैल... हां. तू तशीच ऱ्हा... आता दोघी मिळून, सावकाश." फट मिटत गेली. नाक बसलं आणि कड उघडली नाही! अण्णांनी पहिला चिमटा मधल्या भोकात घातला, मग एक इकडं, एक तिकडं, पुन्हा एक इकडं.

मास्तरांनी घाम पुसला. म्हणाले, "ह्या नाकानं नाकी नऊ आणले अगदी."

अण्णा म्हणाले, "म्हणून तर नऊवारी लागली!"

*

पण एवढ्यावर सुटका नव्हती. दुपारी जेवून आलो तर पत्र्याला पोट! चांगलं वीतभर, मधोमध. सकाळी आरसा होता तो.

ह्यांचा चेहरा उतरला. उजवा हात त्यांनी मागे घेतला, तो मी बघितला.

अण्णा म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाय. बेडा!" बेडा म्हणजे नको, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. त्यांनी वर बघितलं. छपरातल्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा झोत थेट नाकावर पडला होता. पत्रा तापून वाढला, आतल्या फासळ्या सावलीत गार. जाणार कुठं? तो फुगला. आम्ही भोकावर पोतं टाकलं आणि वाट बघत बसलो. चारच्या सुमाराला पोट गेलं, आपलं आपण, आवाजही न करता.

अण्णा ह्यांना म्हणाले, "मिस्त्री, मास्तरांचंबी जेवल्यावर सुटतंय. आमी कधी मोगरी घेतली का?"

त्या दिवसापासून नाकाचं काम सकाळी ऊन चढायच्या आत. आम्ही दोघी सडा-रांगोळी करून सहाला निघायचो. शांताकाकू वाटेत सगळ्यांना सांगायच्या, "इमान नेसवाय चाललोय!"

*

चिमटे काढून कायमचे रिव्हेट मारायच्या आधी विमान खात्याचे साहेब आले तपासायला. हातात फाइल, पायात चकाकते बूट. पंख बघितला, टिचकी मारली, आरसा घालून आतून बघितलं. कुठं नाव ठेवायला जागा मिळेना. मग विचारलं, "पत्रा ताणायला कुठलं टूल वापरलंत?"

मास्तर चिमट्यांची डबी उघडून बसले. अण्णा छताकडे बघत राहिले. हे म्हणाले, "नऊवारी."

साहेबांना वाटलं कंपनीचं नाव आहे. त्यांनी लिहून घेतलं. मग शांताकाकूंनी ते प्रत्यक्ष आणूनच दाखवलं, हिरवं, तांबड्या काठाचं. साहेब कितीतरी वेळ त्याचा काठ बोटात धरून बघत राहिले. पट्टा ओरखडा काढतो, दोरी वळ उठवते, हे सगळं ह्यांनी समजावलं. साहेबांनी फाइलमध्ये खोडून लिहिलं, 'कॉटन स्ट्रॅप, नाइन यार्ड.'

मग चष्मा पुसत म्हणाले, "सहावारी चालणार नाही का?"

शांताकाकू म्हणाल्या, "गोल साडीला ताण बसत न्हाय, सायेब!"

*

रविवारचंच काम, त्यात पावसाळे गेले, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही पंखांना नाकं बसायला माझ्या नवसापासून पावणेतीन वर्षं लागली. पुढं ते विमान उडालं. त्याचे किस्से मास्तर सांगतात आणि माझ्यापेक्षा छान सांगतात. माझा शेवटचा किस्सा जमिनीवरचाच आहे.

शेवटचा रिव्हेट ह्यांनी मारला. मग टोकापासून टोकापर्यंत तळहात फिरवत गेले. 'टक' नाही, 'टुक' नाही. शेवटाला थांबले आणि म्हणाले, "बसलं."

मी कोपऱ्यात ह्यांच्या स्कूटरपाशी गेले आणि पदराची गाठ सोडली. नथ त्यातच बांधून आणली होती. स्कूटरच्या आरशात बघून घालायला गेले, तर तार आत जाईना. भोक बुजलेलं! इकडून बघितलं, तिकडून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नव्हे. नवस पुरा झाला आणि फेडता येईना.

शांताकाकू म्हणाल्या, "काडी दिलती की गं मी!"

तेवढ्यात हे आले. "बघू."

साबणानं हात धुतले, दोनदा. पंखाच्या पूजेला समई लावली होती, तिच्यातलं तेल बोटाला घेतलं. मला उजेडाकडे तोंड करून पत्र्याच्या डब्यावर बसवलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाकपुडी दोन्हीकडून सारखी धरली आणि उजव्या हातानं, त्याच हातानं, नथीची तार टेकवली. मी श्वास धरला. हात हलत नव्हता. कापसासारखा हलका.

अण्णा मागून म्हणाले, "रिव्हेट मारू नगा म्हंजे झालं!"

ह्यांनी लक्ष दिलं नाही. तार तेलात फिरवत, अगदी हळू, विचारलं, "काढलीवतीस का?"

मी गप्प.

"वाडीस्नं आलीस त्या दिवसापासनं बघतोय. का काढलीस?"

मी गप्पच. पावणेतीन वर्षं धरलेलं तोंड, सवय झालेली. ह्यांनी दोन बोटं किंचित आवळली. "आई गं!" म्हणून मी ओरडले आणि मग जे सुटलं ते सुटलंच! घाट, चपला, बासुंदीचा डबा, दत्ता महाराज, जड हात, काडी, सगळं सगळं सांगून टाकलं. ह्यांचे डोळे माझ्या नाकावर, आणि पाण्यानं भरलेले. पण हात नाही हलला. तार पलीकडे निघाली.

नथ बसली.

तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला, "मी पैल्यांदाच म्हटलं नव्हतं का अक्का? नाक दाबलं की तोंड उघडतंय!"

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, बायांनो. तुम्हीही कधी घरातल्या माणसाच्या हातासाठी नथ उतरवलीत, तर शेजारीण काडी आणून देईल, मायेनंच देईल. घेऊन देवघरात ठेवा. नाकात घालू नका. बुजू द्या.